दारापुढचं गॅरेज आणि घरातली लेकरं



परदेशात गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली मोटार ठेवायची खोली. आपल्याकडे गॅरेज म्हटलं की गाड्या दुरुस्त करायचं दुकान डोळ्यापुढे येतं. नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांत मात्र दुकान आणि घर असे दोन भाग कमीच दिसतात. दोन खोल्या, पुढे चार लोखंडी पाइपांवर टाकलेले पत्रे, आणि त्याखाली सगळा संसार. कुणाची रिक्षा रात्री तिथे लागते. कुणी तिथेच पंक्चर काढतो, कुणी वेल्डिंग करतो, कुणी बॅटऱ्या चार्ज करून देतो. रंगकाम करणाऱ्याचे डबे आणि थिनर तिथे. शेतात फवारणीला जाणाऱ्याचा पंप तिथे. पाण्याचा ड्रम तिथे, कपडे वाळायची तार तिथे, आणि उन्हाच्या वेळी आजीची बाज पण तिथेच. या जागेला कुणी शेड म्हणतं, कुणी पडवी, कुणी नुसतं ‘पत्र्याखाली’ म्हणतं. या लेखात मी शेड म्हणणार आहे.

लेकरं कुठे खेळतात? तिथेच. दुसरी जागाच नाही. म्हणून ‘मुलांना तिकडे जाऊ देऊ नका’ हा सल्ला मी देणार नाही. तो बंगल्यातल्या लोकांसाठी ठीक आहे. आपल्या घरात दीड वर्षाचं पोर रांगत दाराबाहेर आलं की ते शेडमध्येच असतं. आई स्वयंपाकाला किंवा कामाला, बाप गाडीखाली आडवा. अशा वेळी काही झालं की शेजारीपाजारी आधी आईलाच बोलतात, ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ वॉर्डात नोकरीला होते तेव्हा ही वाक्यं मी खाटेजवळ उभी राहून फार ऐकली. एकही आई अशी नसते की जिचं चोवीस तास लक्ष राहू शकेल. लक्ष चुकणारच आहे असं धरून वस्तूंची जागा बदलायची, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते पुष्कळ आहे.

बंद गाडी

जून २०२३ मध्ये नागपुरात एका वस्तीतली तीन लहान मुलं दुपारी खेळायला बाहेर पडली आणि परत आली नाहीत. शोधाशोध झाली, पोलिसांत तक्रार झाली. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका बंद गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला तसंच घडलं. बहीण-भाऊ खेळता खेळता पडून असलेल्या जुन्या गाडीत शिरले, दार आतून उघडलं नाही. दोन्ही ठिकाणी मुलं घरापासून हाकेच्या अंतरावर होती.

बंद गाडीत लेकरू आधी हवा संपून जातं असं आपण समजतो. खरा मारेकरी ऊन असतं. काच बंद असलेल्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी चढू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच बेचाळीस असतं, तर आत किती होत असेल याचा हिशेब करा. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. सावलीत लावली आहे, एक काच बोटभर खाली आहे, याने फार फरक पडत नाही.

गॅरेजवाल्याच्या घरी हा धोका जास्त, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या. दुरुस्तीला आलेल्या गाडीची बॅटरी बहुतेक वेळा काढून ठेवलेली असते. म्हणजे हॉर्न वाजत नाही, बटणाच्या काचा खाली होत नाहीत. आतलं हँडल तुटलेलं असतं म्हणूनच कधी कधी ती गाडी आलेली असते. बाहेरून दार उघडतं, आतून उघडत नाही. मुलांना तर अशी गाडी म्हणजे राजवाडा! लपाछपीला यापेक्षा चांगली जागा कोणती?

तेव्हा जी गाडी शेडमध्ये किंवा दारापुढे उभी आहे, तिची चारही दारं आणि मागची डिक्की कुलूपबंद पाहिजे. किल्ली खिळ्याला, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. कुलूप बिघडलं असेल तर बाहेरून तारेने किंवा दोरीने दारं बांधा. रोज सायंकाळी दुकान आवरताना पान्यांची मोजणी करतो तशी दारांची करा. जुना फ्रिज भंगारात पडला असेल तर त्याचं दार आजच काढून वेगळं ठेवा. आणि लेकरू दिसेनासं झालं, तर शेजारच्या गल्लीत पळण्याआधी पहिल्यांदा जवळची प्रत्येक गाडी, डिक्की आणि पाण्याचा ड्रम बघा. पोलिसांकडे नंतर जा.

गाडीत मूल सापडलं आणि दार उघडत नसेल तर काच फोडा, मुलापासून लांबची. गाडीच्या मालकाची वाट बघू नका. सावलीत आणा, कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. १०८ ला फोन लावा.

बाटली

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. आपल्या शेडमधली सगळ्यात धोकादायक वस्तू जॅक नाही, वेल्डिंग मशीन नाही. ती थंड्याची रिकामी बाटली आहे.

पार्ट धुवायला पेट्रोल लागतं, ते अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीत. रंगवाल्याचं थिनर आणि टर्पेंटाइन लिंबू सोड्याच्या बाटलीत. बॅटरीचं ॲसिड, संडास धुवायचं ॲसिड, फिनेल, सगळं अशाच बाटल्यांत. फवारणीचं औषध मालकाने शेतावर ‘उरलेलं घेऊन जा, घरी ढेकणाला चालेल’ म्हणून दिलेलं, तेही कुठल्याशा बाटलीत. थिनर तर दिसायला हुबेहूब पाणी. उन्हात खेळून आलेलं तीन वर्षांचं पोर तहानलेलं असतं, त्याला वाचता येत नाही, आणि आयुष्यात त्या आकाराच्या बाटलीतून त्याने फक्त पाणी आणि गोड थंडाच प्यायलेला असतो. ते बाटली तोंडाला लावणारच. यात त्याचा खोडकरपणा कुठे आला?

माझ्या ड्युटीत असं एक लेकरू आलं होतं, अडीच वर्षांचं. बापाने चेन धुवायला ठेवलेलं पेट्रोल एक घोट घेतलं होतं. फक्त एक घोट. घरच्यांनी घाबरून मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. येताना पोर हसत होतं म्हणून रस्त्यात त्यांना वाटलं, संकट टळलं. रात्री दहाच्या सुमाराला त्याचा श्वास भरायला लागला. पाच दिवस ऑक्सिजनवर होतं. वाचलं. सगळीच वाचत नाहीत.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन हे पोटात गेल्यावर जेवढं नुकसान करतात त्याच्या कितीतरी पट छातीत गेल्यावर करतात. हे द्रव पातळ आणि निसरडे असतात. गिळताना ठसका लागला की थोडंसं श्वासनळीत उतरतं, आणि फुप्फुसाला आतून सूज येते. उलटी काढली की तोच माल दुसऱ्यांदा घशाशी येतो आणि छातीत जायची दुसरी संधी मिळते. म्हणून उलटी काढायची नाही. बोट घालायचं नाही, मिठाचं पाणी नाही, दूध नाही, तेल-तूप नाही, लिंबू नाही. आपोआप उलटी झाली तर मुलाला कुशीवर, डोकं खाली झुकलेलं ठेवा. खोकला, श्वास जोरात, बरगड्यांमध्ये खड्डे पडणं, सुस्ती, ताप, ही लक्षणं काही तासांनी उगवतात. तेव्हा ‘आता तर बरं आहे’ म्हणून घरी थांबू नका. लेकरू हसत असलं तरी दवाखान्यात न्या आणि डॉक्टर सोडेपर्यंत थांबा.

ॲसिड किंवा कॉस्टिक तोंडात गेलं तर तिथेही उलटी नाही, कारण घसा आणि अन्ननलिका जाताना एकदा भाजते, येताना पुन्हा भाजते. ॲसिडवर सोडा पाजून ‘मारून टाकू’ असा प्रयोग काहीजण करतात, तो अजिबात नको. तोंड पाण्याने धुवून थुंकायला लावा आणि निघा. अंगावर किंवा डोळ्यांत उडालं असेल तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. दोन मग ओतून रिक्षात बसवलं तर डोळा जातो. पाण्याची टंचाई असली तरी या वेळी ड्रम रिकामा झाला तरी चालेल.

फवारणीच्या औषधाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्यातले पुष्कळजण कापसाला, सोयाबीनला, हळदीला फवारायला रोजाने जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन मजुरांचे, शेतकऱ्यांचे जीव गेले, ते आपण सगळ्यांनी वाचलं. मोठी माणसं शेतात उघड्या अंगाने फवारून मेली. तेच औषध घरात मुलाच्या हाताला लागू शकतं. प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसलं तरी रंग कळतो. पण औषध दुसऱ्या बाटलीत ओतलं की त्रिकोण मागे राहतो, आणि दवाखान्यात आम्ही विचारत बसतो, ‘काय प्यायलं?’ उत्तर येतं, ‘पांढरं होतं, वास यायचा.’

रिकाम्या डब्याचंही तेच. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जुलै २०१३ मध्ये दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळलं. ज्या डब्यात पूर्वी औषध होतं त्यात तेल आल्याची शंका तेव्हा पुढे आली होती. आपल्याकडे औषधाचा पाच लिटरचा कॅन धुवून त्यात रॉकेल, तेल, कधी पाणीही भरतात. राख लावून दहादा घासला तरी असा डबा खाण्यापिण्याला वापरायचा नाही. भंगारात देतानाही खिळ्याने भोकं पाडून द्या, नाहीतर तो दुसऱ्याच्या घरी हंडा म्हणून जाईल.

या औषधाने विषबाधा झाली की तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, उलटी-जुलाब, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक, आणि मग श्वास लागतो, झटके येतात. पिऊनच होतं असं नाही, कातडीतूनही भिनतं. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, आणि धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. यावरचं औषध दवाखान्यात आहे, अॅट्रोपिनचं इंजेक्शन. झाडपाला, शेणाचं पाणी, ताक यात ते नाही. वेळ तेवढी जाते.

धान्यात किंवा ढेकणाला घालायच्या सेल्फॉसच्या गोळ्यांबद्दल एकच सांगते. त्यांना उतारा नाही. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या मुलांना मारतो, गोळी खावीही लागत नाही. राहत्या घरात त्या आणू नका.

मग करायचं काय? विषाला खाण्यापिण्याची बाटली कधीच नाही, हा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. पेट्रोल लागेल तेवढंच आणायचं, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा जाड कॅनमध्ये, आणि चुलीपासून, वेल्डिंगपासून लांब. पार्ट धुवायचं पेट्रोल तासराळ्यात उघडं ठेवून चहाला जायचं नाही. काम झालं की परत कॅनमध्ये. बाकी सगळ्यासाठी एक पेटी करा. वेल्डर घरचाच असेल तर भंगारातल्या पत्र्याची पेटी एका दुपारी होते. भिंतीला, छातीच्या वर, कडी आणि कुलूप. कुलूप लावलेली पेटी जमिनीवर असली तरी चालेल. बिनकुलपाची फळी कितीही उंच असली तरी मूल डबा, टायर, स्टूल लावून चढतं. पेटीवर लाल रंगाने कवटी काढा. काहीच जमलं नाही तर किमान आज, हा लेख वाचून झाला की, शेडमध्ये जाऊन बाटल्या गोळा करा.

पोलीस केसची भीती

विषबाधेचं मूल घेऊन लोक दवाखान्यात उशिरा येतात, त्याचं एक कारण मला पक्कं माहीत आहे. ‘पोलीस केस होईल.’ मग आधी गल्लीतला ओळखीचा डॉक्टर, मग दुसरा, मग रात्र. विषबाधा, भाजणं, शॉक अशा वेळी सरकारी दवाखाना नोंद करतो, तिला एमएलसी म्हणतात. तो नियम आहे, तुमच्यावरचा आरोप नव्हे. पोलीस येऊन विचारतात, तुम्ही जे झालं ते सांगायचं. उपचार त्यासाठी थांबत नाहीत, थांबवताही येत नाहीत. सगळ्यात मोठी चूक म्हणजे भीतीपोटी खोटं सांगणं. ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हटलं की डॉक्टरचा अर्धा तास अंदाज बांधण्यात जातो. बाटली, डबा, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, बाटलीवरचा त्रिकोण डॉक्टरला दाखवा.

पत्र्यात उतरलेला करंट

पावसाळ्यात आपल्या वस्त्यांत दरवर्षी ऐकू येतं, पत्र्यात करंट उतरला. कटर, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, रिक्षाचा चार्जर, सगळं एका जुन्या वायरवर. ती वायर पत्र्याच्या कडेवरून ओढलेली. पत्र्याची धार वाऱ्याने हलून हलून वायरचं आवरण कापते. शेडचे पाइप लोखंडी, आणि त्याच पाइपाला कपडे वाळायची लोखंडी तार. पोराने ओल्या हाताने पाइप धरला किंवा आईने ओली साडी टाकली की झालं.

कपडे वाळायला लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा, हे आजच होण्यासारखं आहे. वायर पत्र्याला टेकत असेल तिथे प्लास्टिकच्या पाइपातून घ्या. जोड उघडा ठेवू नका, एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडू देऊ नका. नीट अर्थिंग करून घ्या, आणि मेनजवळ आरसीसीबी बसवा, तीस मिलिअँपिअरचा. काहीजण त्याला ईएलसीबी म्हणतात. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो वायर वाचवतो. किंमत म्हणाल तर दुचाकीच्या एका चांगल्या टायरइतकी. भाड्याच्या घरात मालक बसवत नसेल तर स्वतः बसवून भाड्यात वळते करायचं बोला. आकडे टाकून घेतलेल्या लाइनवर हे काही वाचवत नाही, हेही स्पष्ट सांगते.

कुणी चिकटलं तर हात लावू नका. आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा, पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चप्पल.

बॅटरीचं शिसं

बॅटरीचं काम करणाऱ्या घरांना मी वेगळं सांगते, कारण हा त्रास दिसत नाही. बॅटरीत शिसं असतं. जुनी बॅटरी फोडली, प्लेटा काढल्या, शिसं वितळवलं की त्याची धूळ आणि धूर जमिनीवर, कपड्यांवर, केसांत बसतो. रांगणारं पोर हात जमिनीवर टेकवतं आणि तोंडात घालतं. शिसं मेंदूत जातं. मूल आजारी दिसत नाही, पण शिकण्यात मागे पडतं, चिडचिडं होतं, पोट दुखतं, रक्त कमी होतं. युनिसेफने २०२० मध्ये जो अहवाल काढला त्यात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं धोक्याच्या पातळीवर असल्याचं म्हटलं आहे, आणि भारतातल्या मुलांची संख्या त्यात सर्वांत मोठी आहे. आपण लेकरांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतो. त्याच्या मेंदूला लागलेली ही कीड शिकवणीची फी भरून निघत नाही.

घरी बॅटरी फोडायचं आणि शिसं वितळवायचं काम बंद करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी कंपनीवर आहे, विक्रेत्याकडे ती जमा होते आणि पैसेही मिळतात. नुसतं पाणी घालणं, चार्जिंग, टर्मिनल साफ करणं चालू असेल तर कामाचे कपडे वेगळे ठेवा, ते बदलून, हात-तोंड-केस धुवूनच लेकराला उचला. हे कपडे मुलांच्या कपड्यांसोबत धुवू नका. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. चार्जिंग होताना निघणारा वायू पेट घेतो, म्हणून तिथे विडी नाही, आणि झोपायच्या खोलीत चार्जिंग नाही. रक्त कमी असलेल्या मुलाच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं. अंगणवाडीतून मिळणारं लोहाचं औषध, पालेभाजी, कडधान्य, अंडं चुकवू नका.

पाण्याचा ड्रम

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलो नाही. तेव्हापासून लातुरात ज्याच्या घरी जावं तिथे दोनशे लिटरचे निळे ड्रम दिसतात, आणि ते शेडमध्येच असतात. पाणी साठवणं ही आपली हौस नाही. पण वाकून पाणी बघणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते तोंडावर पडतं आणि सरळ होता येत नाही. अर्धी बादलीसुद्धा पुरते, आवाजही होत नाही. ड्रमला दाबून बसणारं झाकण आणि त्यावर जड दगड किंवा कडी पाहिजे. नुसतं पोतं टाकलेला ड्रम उघड्यापेक्षा वाईट, कारण मूल त्यावर बसायला जातं. जमिनीतल्या हौदाला लोखंडी झाकण आणि कुलूप. गॅरेजमध्ये ट्यूब तपासायचं पाण्याचं टप दुकान बंद करताना उपडं करा. डेंग्यूचे डासही त्यातच होतात. सेकंडहँड ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा, रसायनाचा असेल तर पाण्याला नको.

बुडालेल्या मुलाला डोक्यावर घेऊन गरगर फिरवतात, पालथं घालून पोट दाबतात. त्यात श्वास द्यायची मिनिटं जातात. उताणं झोपवा, हनुवटी वर करा, श्वास चालत नसेल तर नाक धरून तोंडाने श्वास द्या, आणि छातीच्या मध्यभागी तळहाताने दाबा, तीस वेळा दाबून दोन श्वास, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही, हाताने करून बघावं लागतं.

बाकी गोष्टी थोडक्यात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड किंवा लाकडी ठोकळा लावल्याशिवाय कुणीच हात घालू नये, आणि जवळ मुलं असतील तर काम थांबवा. रिक्षा रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून मागे बघा, पोर आरशात दिसत नाही. साइड स्टँडवरची दुचाकी मुलाच्या अंगावर पडते, मधल्या स्टँडवर लावा, चाव्या काढून. सायलेन्सरने भाजलं तर वीस मिनिटं साधं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद लावून आणलेली जखम आम्हाला आधी खरवडावी लागते. शटर ओढून आत इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका, त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. वेल्डिंगकडे बघत बसलेल्या मुलाचे डोळे रात्री आग आग करतात, आडोसा लावा. कॉम्प्रेसरची हवा गमतीत अंगावर, विशेषतः मागून सोडल्यामुळे आतडं फाटून पोरं मेल्याच्या बातम्या देशभरातून आल्या आहेत; ती गंमत नाही. आणि पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब लवकर संपत असेल, मुलाच्या खिशात फडकं किंवा पिशवी सापडत असेल, तर मारहाण न करता त्याच्याशी बोला आणि जिल्हा रुग्णालयात दाखवा.

शाळा सुटल्यावर पोरगा बापाच्या हाताखाली बसतो, त्याबद्दलही विचारतात. पाना ओळखायला शिकला तर वाईट नाही. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामाला लावणं घरच्या धंद्यातही कायद्याने चालत नाही. ग्राइंडर, वेल्डिंग, बॅटरी, थिनर, गाडीखाली शिरणं, ही कामं त्याची नाहीत.

महिला मंडळांना एक काम सुचवते. एखाद्या रविवारी विहारातली वंदना झाल्यावर पाच-सहा जणींनी मिळून एकमेकींच्या शेडमध्ये जाऊन बघा. परक्याच्या नजरेला जे दिसतं ते घरच्याला सवयीने दिसत नाही. टोमणे न मारता. बाटल्या गोळा करा, ड्रमची झाकणं बघा, तारा बघा. वस्तीत एखादा वायरमन, एखादा वेल्डर असतोच. पेट्या आणि अर्थिंगचं काम एकत्र ठरवलं तर स्वस्त पडतं. आशाताईंना सोबत घ्या. छाती दाबून श्वास द्यायचं प्रात्यक्षिक दाखवा म्हणून आरोग्य केंद्रात अर्ज द्या, मी नांदेड-लातूर दोन्हीकडे यायला तयार आहे.

आणि शेडच्या भिंतीवर, मोबाईलमध्ये नव्हे, खडूने नाही तर रंगाने, मोठ्या आकड्यांत दोन नंबर लिहा. १०८ ही रुग्णवाहिका. १८०० ११६ ११७ हे दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र, फोन फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. फोनवर मुलाचं वय, अंदाजे वजन, काय प्यायलं, किती आणि कधी, एवढं सांगायचं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे मुलांचा विभाग आहे. रात्री रिक्षा कुणाची मिळेल त्याचं नावही त्याखाली लिहून ठेवा.